पेढे झाले, टक्के कुठायत?

नातीचा दुसरीतला पहिला निकाल हातात आला, तेव्हा मी तो आधी उलटा करून पाहिला. म्हटलं, आकडा मागच्या बाजूला असेल. मागे शाळेचा पत्ता होता आणि 'झाडे लावा' असं लिहिलेलं होतं. पुढे चार पानं भरून मजकूर होता, रकाने होते, रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या, कोपऱ्यात एक हसणारं सूर्यफूल होतं. आकडा नव्हता. एकूण नव्हतं, नंबर नव्हता, टक्के नव्हते.

माझी शाळा चौथीत सुटली. आमच्या वेळचं प्रगतिपुस्तक म्हणजे एक पिवळा पुठ्ठा. त्यावर आकडे, आणि नापास असेल त्या आकड्याखाली लाल रेघ. बापाला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग दिसायचा. तेवढ्यावर तो पुढचं सगळं उरकायचा. समजावून सांगायला सभा वगैरे लागत नसे.

पुढे मी शनिवार पेठेत एका मिठाईच्या दुकानात काउंटरला लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. निकालाचा दिवस म्हणजे आमची दुसरी दिवाळी. गिऱ्हाईक पायरी चढतानाच मला कळायचं, किलोचं आहे की पाव किलोचं. किलोवाला बाप मोठ्यानं बोलायचा आणि शेजारच्या माणसानं काही विचारावं म्हणून इकडंतिकडं बघायचा. पाव किलोवाला खिशात हात घालून 'जरा लवकर द्या' म्हणायचा. मी पेढे तोलता तोलता दोघांनाही विचारायचो, "किती टक्के?" ते विचारणं पेढ्याच्या भावातच धरलेलं असायचं. न विचारता पुडा बांधून दिला तर माणूस हिरमुसून जायचा.

असा मी, आणि माझ्याच नातीच्या निकालात टक्के नाहीत.

तेव्हा आम्ही वाघोलीला राहत होतो. मुलगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरवाले. पेठेतल्या दोन खोल्या सोडून त्यांच्याकडे येऊन आम्हा नवरा-बायकोला दोन-तीन वर्षं झाली होती. सातवा मजला. खिडकीतून आधी शेत दिसायचं, मग खड्डा दिसायला लागला, मग दुसऱ्याची खिडकी. नातीला शाळेत पोचवायचं आणि आणायचं हे बायकोचं काम होतं. बायको त्या वर्षी गणपतीच्या आधी गेली. पोटाचं दुखणं होतं, फार चाललं नाही. मग ते काम माझ्याकडे आलं. कुणी सोपवलं नाही, मीच एका सकाळी चपला घालून दाराशी उभा राहिलो.

निकाल बघून सून म्हणाली, "बाबा, ह्यात काही कळतच नाहीये. 'अजून सुरुवात', 'मदतीने जमतं', 'स्वतः जमतं', 'दुसऱ्याला समजावून सांगता येतं'. हे काय मार्क झाले? पुढे हिची स्पर्धा कुणाशी आहे, ही कुठे आहे, आपल्याला काय समजणार?"

"मग शाळेला विचार."

"विचारण्यात वेळ घालवण्यापेक्षा शाळाच बदलू. मी चौकशी केलीय."

हायवेच्या बाजूला एक मोठी शाळा होती. तिथं दर आठवड्याला परीक्षा, मार्क दशांश चिन्हापर्यंत, आणि पहिल्या दहांची नावं फळ्यावर. बस पहाटे यायची आणि मूल दिवेलागणीला घरी. जागा एकच शिल्लक होती, सोमवारी जाऊन प्रवेश पक्का करायचा होता.

मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. माझा दिवस दोनदाच चालू व्हायचा, तिला पोचवताना आणि तिला आणताना. मधला सगळा वेळ मी सोफा झिजवायचो. ती बसने गेली असती तर मी पूर्णवेळ सोफ्यावरच असतो. म्हणजे माझा स्वार्थ होता. आणि शाळेतली बाई मला आवडायची, कारण ती पोरांना दाराशी नावानं हाक मारायची आणि मला "आजोबा, आज शर्टाची बटणं वरखाली लागलीत" असं तोंडावर सांगायची. घरात तेवढं मला कुणी बोलत नव्हतं. सगळे जपून वागत होते.

तरी निकाल तो निकाल. मी खाली जाऊन पेढे आणले. वाघोलीच्या त्या दुकानातला पेढा म्हणजे साखरेला खव्याची ओळख करून दिलेली. पण आणले. लिफ्टपाशी पाचव्या मजल्यावरचे बँकवाले भेटले. बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेले, त्यांचा नातू आमच्या नातीच्याच वर्गात. मी पुडा पुढे केला.

"काय विशेष?"

"नातीचा निकाल."

"अहो, निकाल आमच्याही घरी आलाय. टक्केच नाहीत त्यात. म्हणून तर आम्ही पेढे काढले नाहीत. तुम्ही कशाच्या जोरावर काढलेत?"

हे असं पुण्यातच विचारतात. पेढा त्यांच्या बोटांत होता, तोंडात नव्हता. आकडा ऐकल्याशिवाय तो जाणार नव्हता, हे मी काउंटरला जन्म काढलेला माणूस ओळखून होतो.

"तुम्हाला सांगितले नसतील," मी म्हटलं. "आम्हाला सांगितले. ब्याण्णव."

त्यांनी पेढा परत पुड्यात ठेवला आणि लिफ्ट न घेता जिन्यानं वर गेले.

मला त्यात काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. पेढ्याला आकडा लागतो, मी दिला. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीत झालं की शाळा काही जणांना गुपचूप टक्के सांगते आणि बाकीच्यांच्या हातात सूर्यफूल ठेवते. मोबाईलवर पालकांचा ग्रुप होता, त्यावर नुसता गदारोळ. सून ऑफिसातून आली ती चप्पलसुद्धा न काढता विचारायला लागली.

"बाबा, ब्याण्णव कुठून आणलेत?"

"तुझ्या नवऱ्याला दहावीला ब्याऐंशी होते. मुलगी बापापेक्षा हुशार आहे. दहा वाढवले."

ती काहीतरी बोलणार होती, पण आतून मुलगाच हसला. आई गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता, म्हणून तिनं मला सोडलं.

मुलाचं डोकं मात्र कामाला लागलं. तो म्हणाला, टक्के नसतील तर काढता येतात, त्यात काय. त्यानं लॅपटॉप उघडला. 'अजून सुरुवात' ला एक, 'मदतीने' ला दोन, 'स्वतः' ला तीन, 'दुसऱ्याला समजावतं' ला चार. ग्रुपावर टाकल्याबरोबर सोसायटीतले आणखी तीन बाप आपापल्या पोरांची कार्डं घेऊन आमच्या हॉलमध्ये हजर. चौघेही परदेशातल्या कंपन्यांची कामं करणारे, त्या कामावर सुट्टी टाकून बसले होते.

मी चहा देता देता ऐकत होतो. भांडण कशावरून, तर 'डबा न सांडता संपवतो' आणि 'हातचा घेऊन बेरीज करतो' ह्या दोन ओळींचं वजन सारखं धरायचं का. ज्याचा पोरगा डबा सांडायचा तो म्हणाला, डबा हा विषयच नाही. ज्याच्या पोरीला हातचा जमत नव्हता तो म्हणाला, डबा हा आयुष्याचा पाया आहे. शेवटी सगळ्या ओळींना सारखं वजन द्यायचं ठरलं, म्हणजे कुणाचंच समाधान होणार नाही. बाकीच्यांनी कार्डांचे फोटो ग्रुपावर धाडले आणि तक्ता तयार झाला. नंबर लागले. बँकवाल्यांचा नातू पहिला. आमची नात मध्येच कुठंतरी, एकसष्ट टक्के.

"बघितलंत?" सून म्हणाली. "म्हणूनच म्हणते."

थोड्या वेळानं बेल वाजली. बँकवाले दारात, हातात पेढ्यांचा पुडा. खास शहरातून आणवलेले.

"आमचा पहिला आला," ते म्हणाले.

"कुठे?"

"तुमच्या मुलाच्या लॅपटॉपवर."

पेढा चांगला होता. मी दोन घेतले.

हे सगळं शाळेच्या कानावर गेलं आणि शनिवारी सकाळी वर्गातच पालकांची सभा लागली. बसायला दुसरीतल्या पोरांच्या खुर्च्या. सगळ्या सोसायटीचे बाप गुडघे कानाला लावून बसलेले. बँकवाले बसले ते बसले, मग खुर्चीसकट थोडे उठले आणि पुन्हा बसले, आणि नंतर काही बोलायचं झालं तर बसूनच बोलत होते. सून माझ्या शेजारी. तिच्या पिशवीत त्या दुसऱ्या शाळेचा भरलेला फॉर्म होता, मला दिसत होता.

बाई पोरसवदा, बोलून बोलून घसा बसलेला. तिनं सुरुवात केली की आम्ही मुलांची एकमेकांशी तुलना करत नाही, प्रत्येक मूल एकेक गोष्ट शिकण्यात कुठवर आलंय ते दाखवतो. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून एक आजोबा उठले. पांढरी टोपी, पांढरं धोतर. आमची सोसायटी ज्यांच्या ज्वारीच्या रानावर उभी आहे ते हे आजोबा. बाहेर त्यांची गाडी उभी होती, तिच्यात आमचा हॉल मावला असता. त्यांचा नातूही ह्याच वर्गात.

"बाई, ते ऱ्हाऊ द्या. मला येवढंच सांगा, आमचं पोरगं पास हाय का नापास?"

"आजोबा, ह्यात पास-नापास नसतं."

"मग शाळा कशापायी हाय?"

निम्म्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाई घोटभर पाणी प्याली. तेवढ्यात बँकवाले बसल्या जागेवरून बोलले, "आणि तुलना करत नाही म्हणता, तर काही पालकांना खासगीत टक्के कसे सांगता?"

"कुणाला?"

सगळ्या माना माझ्याकडे. सून खाली बघायला लागली. मी उठलो. माझी खुर्ची सुटली, कारण मी बारीक आहे.

"शाळेनं नाही सांगितले," मी म्हटलं. "माझे मी दिले."

"म्हणजे खोटे?" बँकवाले.

"मग तुमचे काय खरे? तुमचे चौघांनी मिळून आमच्या हॉलमध्ये केले. मी लिफ्टपाशी एकट्यानं केले. मला कमी वेळ लागला."

"आजोबा खरं बोलत्यात," टोपीवाले म्हणाले. "दोनी घरचंच हायेत."

लोक हसले. बाईही हसली, आणि हसल्यावर तिचा आवाज जरा मोकळा झाला. तिनं माझ्या मुलाकडून तो तक्ता मागून घेतला. नीट बघितला. माझ्या मनात आलं, आता ही टिंगल करणार. तिनं केली नाही.

"मेहनत बरीच आहे ह्यात," ती म्हणाली. "हा बाजूला ठेवू या का थोडा वेळ? आपापलं कार्ड उघडा. प्रत्येकाला एक कोरा कागद देते, तो पानावर ठेवा आणि शेवटचे तीन रकाने झाका. फक्त पहिला दिसू दे, 'अजून सुरुवात' चा. त्यात जिथं खूण असेल तेवढीच ओळ वाचा. मोठ्यानं नका वाचू. मनात."

"आणि तिसरा-चौथा?" कुणीतरी विचारलं.

"ते मुलांना आलेलं आहे. त्यात आपण काय करणार? पहिल्या रकान्यात मला तुमची मदत लागणार आहे. म्हणून हे चार पानी कार्ड. नाहीतर मलाही एक आकडा लिहून घरी जायला आवडेल."

 सगळे बाप आणि आया कागद सरकवत खाली बघत होते. ज्यांची पोरं तक्त्यात वर होती तेही, खाली होती तेही. पंख्याचा आवाज येत होता. मी चष्मा शोधत होतो, तो डोक्यावर होता.

माझ्या पलीकडे बँकवाल्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग तीच ओळ पुन्हा वाचली. मग माझ्याकडे वाकून इतक्या हळू म्हणाले की मला आधी ओळखू येईना, हा त्यांचाच आवाज आहे का.

"अहो, ह्याला वाचता येत नाही?"

 बाई त्यांच्या खुर्चीपाशी येऊन उकिडवी बसली.

"अहो, पण मला रोज रात्री गोष्ट वाचून दाखवतो की," ते तिला म्हणाले.

"पाठ असेल, काका."

"पानंसुद्धा बरोबर जागी उलटतो!"

"हुशार आहे ना. चित्रावरून ओळखतो. तुम्ही एक दिवस गोष्ट मधूनच सुरू करायला सांगा."

त्यांचा नातू तक्त्यात पहिला कसा आला हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. रांगेत उभा राहतो चार, डबा चार, बूट स्वतः घालतो चार, गाणं चार, चित्र चार, दोरीवरच्या उड्या चार. ह्या सगळ्या चारांच्या खाली ते वाचणं दबून गेलं होतं. ते दाबायला आमच्याच हॉलमध्ये चहा झाला होता. बँकवाल्यांचा मला त्या घटकेला राग आला नाही. त्यांचा हात कार्डावर तसाच ठेवलेला होता, जसा आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात.

मागून टोपीवाले म्हणाले, "पास-नापास ऱ्हाऊ द्या बाई. कुटं कच्चं हाय त्ये घावलं. घड्याळ काय बघाया येत न्हाई त्याला. मलाबी लवकर आलं न्हवतं."

आमच्या कार्डावर पहिल्या रकान्यात पुष्कळ ओळी रिकाम्या होत्या. खूण एकच होती. सुनेनं तिच्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. 'आपल्या मनातलं बोलून दाखवते.'

"ही?" सून म्हणाली. "हिचं तोंड घरी बंद नसतं. बाई चुकल्यात."

सभा संपली, लोक बाहेर पडले. दोघातिघांनी मिळून बँकवाल्यांना खुर्चीतून सोडवलं. सून बाईपाशी गेली, मी मागे. तिनं तीच ओळ दाखवली.

बाई म्हणाली, "रोज सकाळी आम्ही गोल करून बसतो. प्रत्येकानं एक काहीतरी सांगायचं, घरचं, मनातलं. जूनमध्ये ही सगळ्यांत जास्त बोलायची. गणपतीनंतर 'माझं काही नाही' एवढंच म्हणायला लागली. एकदा घरातल्या माणसांबद्दल सांगायचं होतं. हिनं आई सांगितली, बाबा सांगितले, हे आबा सांगितले. एका मुलीनं विचारलं, तुझी आजी येत होती ना तुला सोडायला? ही उभी राहून सांगत होती ती खाली बसली. तेव्हापासून गोलात तेवढंही बोलत नाही. अभ्यासात काही अडचण नाही तिची. पण हे मी कुठल्या विषयाच्या मार्कांत घातलं असतं, मलाच कळलं नसतं."

सुनेनं "हो" म्हटलं आणि कार्ड मिटून पिशवीत त्या फॉर्मवर ठेवलं.

मुलगा गाडी घेऊन पुढे गेला होता. सुनेची स्कूटर होती, पण ती सुरू न करता ती हातानं ढकलत माझ्याबरोबर चालत निघाली. उन्हात, रस्त्यावर डंपर चाललेले, आणि ही आपली स्कूटर ढकलतेय. मी म्हटलं, "पेट्रोल संपलं का?" ती म्हणाली, "नाही." पुढच्या वळणावर म्हणाली, "बाबा, आपण तिला सांगितलंच नाही ना काही?"

नव्हतंच सांगितलं. बायकोचं दवाखान्यात जास्त झालं तेव्हा नातीला नाशिकला तिच्या मावशीकडे धाडलं. ती परत आली तेव्हा तेराव्यापर्यंत सगळं उरकलं होतं. कॉट काढून टाकली होती. मुलगी घाबरेल म्हणून फोटोही लावला नव्हता. ती आली, रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं, आणि खेळायला गेली. तिनं विचारलं नाही. आम्हाला सुटल्यासारखं झालं. आम्ही एकमेकांना म्हणायचो, बरं झालं, लहान आहे, विसरली.

आणि मी जन्माचा तोंडाचा फटकळ. मालकाच्या तोंडावर 'खवा शिळा आहे' म्हणणारा, व्याह्यांना 'जेवण आळणी होतं' म्हणणारा. पण हे एक वाक्य मला नातीपुढं काढता आलं नव्हतं. तिच्यापुढंच काय, कुणापुढंच नाही. लोकांना मी 'ती आता नसते' असं सांगायचो, जशी काही नोकरी बदलून गेलीय.

घरी आलो तर नात फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मुलगा आतल्या खोलीत कानाला ते यंत्र लावून अमेरिकेशी बोलत होता, शनिवार असून. सून पाणी आणायला आत गेली. मी चप्पल काढली आणि विचार करत बसलो असतो तर पुन्हा राहून गेलं असतं, म्हणून उभ्या उभ्याच बोललो.

"अगं ए, तुझी आजी मेली."

"बाबा!" सून तांब्या घेऊन तशीच धावत आली.

"मग काय म्हणू?"

नातीनं मान वर केली नाही. आभाळ निळं करायचं चाललं होतं. "माहितीय मला," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"वॉचमनकाकांनी. मी नाशिकहून आले ना, त्याच दिवशी. ते म्हणाले, आजी फार चांगली होती, मला लाडू द्यायची."

"मग आम्हाला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही लपवत होता ना. मला वाटलं, मला कळलंय हे तुम्हाला कळलं तर तुम्हाला वाईट वाटेल." तिनं खडू बदलला. "आणि आबा, तू रडला असतास."

"मी रडत नाही."

"बाथरूममध्ये रडतोस. नळ सोडून. टँकरचं पाणी आहे ते, वाया जातं."

सुनेनं तांब्या खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावल्यासारखी ओढणी लावली. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही, आणि तिलाही कळलं नसावं. मी भिंतीला टेकून नातीशेजारी फरशीवर बसलो. बसताना गुडघे वाजले. ती म्हणाली, "आजीचे पण वाजायचे."

"तिचे जास्त वाजायचे."

"तिला दुखलं का मरताना?"

"आधी दुखलं. मग औषध दिलं, मग झोपली."

"मी नव्हते म्हणून ती चिडली का?"

"तुझ्यावर नाही. माझ्यावर चिडली. म्हणाली, पोरीला वेणी घालायला शिका, नाहीतर ती झिपरी जाईल शाळेत."

"तू अजून नाही शिकलास."

"शिकतोय."

"तुम्ही भांडायचात?"

"रोज. मी दुकानातून यायचो तर मला उंबऱ्याबाहेर उभं करायची. म्हणायची, आधी अंघोळ, मग बोलणं, तुमच्या अंगाला तुपाचा वास येतो. जन्मभर पेढे विकले, घरात एक पेढा तिनं खाल्ला नाही. तिला तिखट शेव आवडायची. ती समोरच्या दुकानात मिळायची. म्हणजे माझा पगार समोरच्या दुकानात जायचा."

नात खडू टाकून हसायला लागली. सून आता खाली बसली होती, येताना घेतलेली भाजीची पिशवी तशीच शेजारी.

"मला तर पहिल्या दिवशीच म्हणाल्या," सून म्हणाली, "'चहा करता येतो का गं, की तोही कॉम्प्युटरवर?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, येतो. आणि केला. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, 'उद्यापासून मी करते.'"

आतलं अमेरिकेचं बोलणं थांबलं होतं. मुलगा दारात उभा होता, यंत्र गळ्यात लोंबत. त्याच्या आईबद्दल इतक्या दिवसांत ह्या घरात कुणी एवढं बोललं नव्हतं. तो म्हणाला, "मला तर शाळेत सोडताना रोज म्हणायची..." आणि त्यानं यंत्र गळ्यातून काढून ठेवलं. तो नातीच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. आम्ही तिघं मोठी माणसं फरशीवर, आणि सोफा रिकामा.

जरा वेळानं त्यानं बायकोला विचारलं, "सोमवारी किती वाजता निघायचंय आपल्याला? त्या शाळेत?"

"नाही जायचं," सून म्हणाली. "त्यांना फोन करून सांग, जागा दुसऱ्याला द्या. त्यांना तिचे मार्क कळले असते. मला आज ती कळतेय."

"आणि एकसष्ट टक्के?"

"ते तुझे आहेत. तू ठेव."

नातीला शाळेचं काय चाललंय ते माहीत नव्हतं आणि तिला त्यात रसही नव्हता. ती माझा हात ओढत होती.

"आबा, अजून एक विचारू? आजीबद्दल?"

मी सुनेकडे बघितलं. भाजी निवडायची होती, कुकर लावायचा होता, बारा वाजून गेले होते.

"विचार," सून म्हणाली.

तिनं विचारलं, आजीचं लग्नाआधी नाव काय होतं, तिला पोहता यायचं का, तिचा मोबाईल आता कुणाचा, ती कुत्र्याला घाबरायची का, माझ्याएवढी असताना ती कशी दिसायची. पोहण्याचं आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं. मुलगा म्हणाला, येत होतं, मी म्हणालो, नव्हतं, आणि त्यावरून आमचं चांगलंच जुंपलं.